मामांनी छापलेलं बोट

आख्ख्या पूर्व आणि पश्चिम खानदेशात खरं बोलण्याचा जेवढा उपद्रव आमच्या हिच्या मामांनी लोकांना दिला, तेवढा दुसऱ्या कोणी खोटं बोलूनसुद्धा दिला नसेल. मी जळगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. ‘आख्खा’, ‘सगळे’, ‘कोणीच नाही’ असले शब्द मी मुलांच्या उत्तरपत्रिकेत तांबड्या शाईने खोडतो. तरी वरचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं. आणि ह्याच मामांनी एकदा, अगदी चांगल्या हेतूने, खोटं छापलं आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेताला आणलं. ती हकीगत सांगायला मी बसलो आहे. पण आधी माणूस कळला पाहिजे, नाहीतर हकीगत खरी वाटायची नाही.

मामा धुळ्याला डॉक्टर होते. खाली दवाखाना, वर राहणं आणि मधल्या जिन्यात त्यांचं त्रैमासिक. जिन्यात म्हणजे खरोखरच जिन्यात. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं की, खानदेशातल्या रोग्यांना काय होतं आणि कशाने बरं वाटतं, हे खानदेशातल्याच डॉक्टरांनी मराठीत लिहावं आणि एकमेकांनी वाचावं. त्यासाठी त्यांनी हे त्रैमासिक काढलं. वर्गणीदार दोनशे बारा, सगळे डॉक्टर. आलेला प्रत्येक लेख जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवला जाई. एकेक शंका फिटली की तो एकेक पायरी वर चढे. सोळाव्या पायरीला पोचला की छापखान्यात. बरेचसे लेख सातव्या-आठव्या पायरीवर दमत. त्यामुळे घरातली माणसं जिन्याच्या कडेकडेने, भिंतीला हात लावून वर जात आणि मामी म्हणत, “या घरात माणसापेक्षा कागदाला वर चढायला जास्त जागा आहे.”

मामांची पहिली खोड म्हणजे त्यांचा प्रश्न. कोणी म्हणालं, अमुक औषधाने वीस रोगी बरे झाले, की मामा चष्मा कपाळावर चढवून विचारत, “आणि किती बरे झाले नाहीत?” समोरचा डॉक्टर म्हणे, “बाकीचे परत आले नाहीत.” “परत आले नाहीत म्हणजे बरे झाले, की गेले, की तुमच्याकडे यायला कंटाळले?” हा प्रश्न दवाखान्यापुरता राहिला असता तर ठीक होतं. आमच्या घरी एकदा भरिताचा बेत होता. ही सहज म्हणाली, “माझं भरीत सगळ्यांना आवडतं.” मामांनी भाकरीचा घास तसाच धरून विचारलं, “किती जणांना विचारलंस? पानात टाकून उठले त्यांना धरलंस का?” ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामा तिचे, आणि अबोला माझ्याशी. यातलं गणित मला अजून सुटलेलं नाही.

जाहिरातींचंही तसंच. एका शेठजींनी, मोठ्या पेढीचा माणूस, त्रैमासिकाचं मागचं पान कायमचं मागितलं. त्यांनी नवं शक्तिवर्धक काढलं होतं. मामांनी विचारलं, “यात काय काय आहे?” शेठजी हसून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, वो तो हमारा गुपित है.” मामा म्हणाले, “मग जाहिरातही गुपितच ठेवू.” शेठजी गेले. पुढल्या अंकाचं मागचं पान कोरं निघालं आणि त्याच्या मधोमध बारीक टायपात छापलं होतं : ‘येथील जाहिरात संपादकास न समजल्यामुळे घेतलेली नाही.’ त्या पानाची चर्चा अंकातल्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त झाली.

पण मला सगळ्यांत जड गेली ती त्यांची लेख तपासायची तऱ्हा. प्रत्येक लेख दोन परक्या डॉक्टरांना वाचायला पाठवायचा आणि लेखकाचं नाव त्यांना कळू द्यायचं नाही, असा नियम होता. मामा कात्रीने नाव कापून काढत. पण दोन जिल्ह्यांतले डॉक्टर एकमेकांच्या चिठ्ठ्या रोज वाचणारे. अक्षर पाहिलं की ओळखत, आणि मग मैत्री असेल तर ‘उत्तम’ आणि नसेल तर ‘छापू नये’. मामांनी यावर तोड काढली. लेख आला की तो टपालाने जळगावला माझ्याकडे यायचा. मी त्यातली बेरीज-सरासरी तपासायची आणि सगळा लेख माझ्या अक्षरात उतरवून पाठवायचा. ही म्हणायची, “मामा, यांना शाळा आहे हो!” मामा म्हणत, “म्हणूनच अक्षर चांगलं आहे.” मी जवळजवळ तीन वर्षं मूळव्याध, नारू, हिवताप, गालगुंड हे सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. त्याचा परिणाम असा झाला की, निम्म्या खानदेशातल्या डॉक्टरांचा समज झाला, हे सगळे लेख मीच लिहितो. भुसावळच्या फलाटावर एका अनोळखी गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले, “मास्तर, मूळव्याधीवर तुमच्याइतकं खोलात कोणी गेलेलं नाही.”

आता त्या खोट्याकडे येतो.

रोग्याचं नाव छापायचं नाही, हे तर सगळेच डॉक्टर मानतात. पण आपल्याकडे नाव न छापून काय होणार? ‘साक्री तालुक्यातील पंचेचाळीस वर्षांचा, डफ वाजवणारा शेतकरी’ एवढं लिहिलं की बाजाराच्या दिवशी शेंगदाणे विकणारासुद्धा सांगेल, हा अमक्याचा अमका. मामांना याची फार धास्ती. म्हणून त्यांनी वेषांतराची पद्धत बसवली होती. पश्चिमेकडचा रोगी पूर्वेला न्यायचा, पूर्वेकडचा पश्चिमेला. बाजरीवाल्याला केळीवाला करायचा, शिंप्याला सुतार. वय पाच वर्षांनी वाढवायचं. मी या वयाला हरकत घेतली. “मामा, वय वाढवलंत की माझी सरासरी चुकते.” मामांनी विचार केला आणि म्हणाले, “मग एकाचं पाच वाढवू, दुसऱ्याचं पाच कमी करू. सरासरी राहील.” ती राहिली, आणि मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या प्रकारात माझाही वाटा आहे.

त्या सुमारास महारोगावर नव्या गोळ्या आल्या होत्या. साक्रीकडच्या एका डफवाल्या शेतकऱ्यावर मामांनी त्या दोन वर्षं चालवल्या आणि माणूस बरा झाला. चट्टे गेले, रोग थांबला. डाव्या हाताची करंगळी तेवढी वाकडी आणि बधिर राहिली. मामांना एवढा आनंद झालेला मी त्यांच्या मुलाच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. हा रोग बरा होतो, हे सगळ्या डॉक्टरांना कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी स्वतः लेख लिहिला. करंगळी हे लक्षण, ते बदलता येत नव्हतं. बाकीचं नेहमीच्या पद्धतीने बदललं. साक्रीचा माणूस एदलाबाद तालुक्यात गेला, बाजरीच्या जागी केळी आली, पंचेचाळीसचे पन्नास झाले आणि डफाचा मृदंग झाला. मी सरासरी तपासली, सुंदर अक्षरात उतरवून काढलं आणि लेख सोळाव्या पायरीवरून छापखान्यात गेला.

अंक निघून महिना झाला असेल. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर पांढरा फेटा, धोतर अशा वेषातले पन्नाशीचे एक गृहस्थ येऊन बसले. हातात आमचा अंक. त्यावर ‘आकडे तपासणारे’ म्हणून माझं नाव आणि जळगाव एवढाच पत्ता छापलेला असे, त्यावरून ते विचारत विचारत आले होते. मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. डावा हात माझ्यापुढे धरला. करंगळी वाकडी होती.

“मास्तर, मले सांगा,” ते म्हणाले, “हे बोट माह्यं हाये का तुमचं?”

मला काही कळेना. त्यांनी अंक उघडून माझ्या मांडीवर ठेवला. “मी एदलाबाद तालुक्यातला. केळी करतो. पन्नास वर्सांचा हाये. मुक्ताईच्या देवळात भजनाले मृदंग वाजवतो. हे बोट मी आठ वर्सांचा व्हतो तवा मोटेच्या चाकात सापडलं. आता वाचा, तुमी काय छापलं हाये ते.”

मी वाचलं. मीच उतरवून काढलेलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्यासारखं वाटलं. या गृहस्थांना सगळे आबा म्हणत, आणि त्यांच्या मुलीचं लग्न अमळनेरला ठरलेलं होतं. सुपारी फुटली होती, तीन आठवड्यांवर हळद. नवऱ्या मुलाचे मामा अमळनेरला डॉक्टर, आमचे वर्गणीदार. सुपारीच्या दिवशी त्यांनी आबांचं बोट पाहिलं होतं. अंक आल्यावर त्यांनी मुलाच्या घरी निरोप दिला की, तूर्त थांबा. आणि ‘तूर्त थांबा’ हे शब्द अमळनेरहून एदलाबादला पोचेपर्यंत सगळ्या गावांनी ऐकले होते. निरोपाबरोबर डॉक्टरांचा तो अंकही आबांच्या हातात पडला होता.

आतून ही चहा घेऊन आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, “आबा, मुलगी काय म्हणते?”

“काय म्हनणार? दोन दिस झाले, जेवली नाई. मले म्हनते, आबा, तुमी बोट दाखवत नका फिरू.” एवढं बोलून त्यांनी हात उपरण्यात घेतला आणि मग चहा प्यायले.

मी त्यांना त्याच दिवशी एस.टी.ने धुळ्याला नेलं. मामा जिन्यात बसले होते. आबांनी हात पुढे केला, मी हकीगत सांगितली. मामा तेराव्या पायरीवरून उठले, खाली आले आणि आबांच्या पायाशी, दवाखान्याच्या फरशीवर बसले. बराच वेळ बोट पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “जावईबापू, तीस वर्षांत इतकं बरोबर वर्णन मी एकाही रोग्याचं केलं नव्हतं. आणि या माणसाला मी आज पाहतो आहे.”

“पाह्यलं ना?” आबा म्हणाले. “मंग आता खरा कोन हाये त्याचं नाव सांगा. मी अमळनेरले जाऊन सांगतो. पोरीचं लगीन लागून जाईन.”

“ते नाही सांगता येणार.”

“म्हनजे? त्याची अब्रू, अन् माह्यी पोर उघड्यावर?”

दुसऱ्याला निरुत्तर करण्यात हयात गेलेला हा माणूस फरशीवर नुसता बसून राहिला. शेवटी म्हणाले, “आबा, चूक माझी आहे. तुमच्या मुलीचं लग्न त्याच मुहूर्तावर लागेल असं मी करीन. कसं ते मला आज ठाऊक नाही.” आबा म्हणाले, “डाक्टर, हे तं रोगी मरायच्या वक्ताले सांगता तसं झालं,” आणि तसेच स्टँडवर गेले.

मामांनी पहिलं काम केलं ते असं. पहिल्या अंकापासूनचे सगळे कागद त्यांनी काढले आणि कुठल्या रोग्याचं काय काय बदललं त्याची यादी करायला मला बसवलं. अकरा अंक, अडतीस रोगी, बदललेल्या गोष्टी एकशे सतरा. ते सगळं चार पानांच्या पुरवणीत छापलं. खरं काय होतं ते दिलं नाही. कुठल्या जागी खोटं आहे तेवढंच सांगितलं आणि वर मोठ्या टायपात : ‘या जागा संपादकाने बनवलेल्या आहेत. त्यांवर विश्वास ठेवू नये. महारोगावरील लेख मागे घेतला आहे.’ छापखान्याचे मालक म्हणाले, “डॉक्टर, एवढ्या मोठ्या टायपात आम्ही फक्त नाटकाच्या जाहिराती छापतो.” मामा म्हणाले, “हेही नाटकच होतं. सोंगं मीच रंगवली.”

लेख मागे घेणं मात्र त्यांच्या जिवावर आलं. त्यातली बरं होण्याची गोष्ट खरी होती. ती आता खोट्याबरोबर गेली.

पुरवणी पोचल्यावर मी आणि मामा अमळनेरला त्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, उलट मामांना फार मानणारा होता. म्हणाला, “पुरवणी वाचली. डोळ्यांत पाणी आलं. पण डॉक्टरसाहेब, मला तुम्हीच शिकवलंत. मी म्हणतो, एदलाबाद तालुक्यात पन्नाशीचा, केळीवाला, मृदंग वाजवणारा, करंगळी वाकडी असे किती?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “एकच असावा.”

“मग? गाव खोटं, केळी खोटी, मृदंग खोटा, आणि सगळं मिळून एक जिवंत माणूस तयार होतो, हे माझ्या बहिणीला मी कसं पटवू? ती म्हणेल, लग्नासाठी डॉक्टर लोक सांभाळून घेत आहेत. मला खऱ्या रोग्याचं नाव सांगा. डॉक्टरने डॉक्टरला. या कानाचं त्या कानाला कळणार नाही.”

“सांगता येत नाही,” मामा म्हणाले.

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. पण ते नाव माझं नाही, मी तुम्हाला कसं देऊ?”

परतीच्या बसमध्ये, पारोळं मागे पडल्यावर, मामा एकदम म्हणाले, “जावईबापू, नाव ज्याचं आहे त्याला आपण कुठे विचारलंय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही साक्रीच्या बसमध्ये होतो. पुढे दीड कोस पायी. डफवाले भाऊ खळ्यात बाजरी वारवत होते. डॉक्टर आपल्या दारात आले म्हणून त्यांची धांदल उडाली. बाज टाकली, घोंगडी अंथरली, बायकोला हाक मारली. मामांनी अंक उघडला आणि त्यांना लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. पहिल्यांदाच. दोन वर्षं ज्याला औषध दिलं, ज्याच्यावर नऊ पानं लिहिली, त्याला ती वाचून दाखवावीत हे आमच्या दोघांच्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं.

भाऊ मांडी घालून ऐकत होते. मृदंगापाशी त्यांनी आपल्या अहिराणीत थांबवलं. “डाक्टर, मी मृदंगले कधी हात लावेल नही. अन् केळी? मना वावरमा बाजरी शे.” आणखी थोडं ऐकून म्हणाले, “आठे लिखेल शे, रोगी रडला. मी रडनू नही. मनी बायको रडनी. ते दुरुस्त करा.” दाराआडून त्यांची बायको म्हणाली, “दोन्ही रडनूत, डाक्टर. तेच लिखा.”

मामांनी खिशातून पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. मग आबांच्या मुलीची गोष्ट सांगितली. भाऊंचं हसू गेलं.

“त्या पोरनं लगीन मना बोटमुळे अडकनं?”

“तुमच्या नाही. माझ्या लिहिण्यामुळे.”

“मंग मना नाव काब्र सांगं नही?”

“का म्हणजे? तुमचं गुपित होतं. मी कसं सांगणार?”

भाऊ आणि त्यांची बायको एकमेकांकडे पाहू लागले. मग भाऊ इतके मोठ्याने हसले की खळ्यातल्या चिमण्या उडाल्या. “डाक्टर, मना गावमा बठ्ठासले ठाऊक शे! दोन वरीस मी दर बुधवारे धुळाले गोळ्या लेवाले जाये. काय लोके आंधळा शेतस?”

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “सगळ्या गावाला ठाऊक असलं, तरी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं,” ते म्हणाले.

“तेच तं मी म्हनस,” भाऊ म्हणाले. “तुम्हीन मले इचारंच नही.” आणि उठले. “थांबा, टोपी घालस.”

पण त्यांच्या बायकोने वाट अडवली. गावात कळणं निराळं आणि अमळनेरला परक्या लोकांत जाऊन हात दाखवणं निराळं, तिथे कोणी वाईट बोललं तर? तिचं म्हणणं खरं होतं आणि मामांनी ते खरं आहे असं सांगितलं. म्हणाले, “भाऊ, तुम्ही आला नाहीत तरी माझा राग नाही. बोलतील, कदाचित दारातही घेणार नाहीत.” भाऊंनी टोपी सारखी केली आणि बायकोला म्हणाले, “पोर दोन दिन जेवेल नही, ऐकं ना तू?” तिने वाट सोडली आणि चार भाकरी बांधून दिल्या.

अमळनेरच्या त्या दवाखान्यात आबांना निरोप देऊन बोलावलं होतं. नवऱ्या मुलाची आई आणि वडीलही होते. भाऊ आत आले ते दारालगत उभे राहिले, टेबलाशी गेले नाहीत. तिथूनच म्हणाले, “छापेल बोट मनं शे,” आणि हात वर केला. आबांनी त्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. दोन्ही करंगळ्या सारख्या वाकड्या होत्या. डॉक्टरांनी टाचणी घेतली. भाऊंच्या करंगळीला टोचली, भाऊ शांत. आबांच्या करंगळीला टोचली मात्र, आबा असे ओरडले की बाहेरचे तीन रोगी उठून दारात आले. “अरे, मारता काय माणसाले!” मुलाची आई इतका वेळ पदराआड तोंड करून बसली होती, ती हसायला लागली, आणि तिच्या हसण्यातच लग्न पक्कं झालं. मुहूर्त तोच राहिला.

मुलाच्या आईने भाऊंना विचारलं, “तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?” भाऊ लाजले. म्हणाले, “हात बरा व्हयना ना मना. कामले आना पायजे.”

लग्नाला आबांनी आम्हा तिघांनाही बोलावलं. मामांना बोलावलं खरं, पण दिवसभर त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ताटात मात्र स्वतः उभं राहून बट्टी वाढली, आणि नको म्हटलं तरी वाढली. मामा ती शिक्षा मुकाट्याने खात होते. पंगतीच्या शेवटी डफवाले भाऊ बसले होते. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये दोन पत्रावळींची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांची सवय. वाढपी त्या जागेवरून तसेच पुढे जात होते. आबा वाढत वाढत तिथपर्यंत आले, थांबले. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं, मुलीचा बाप पंगतीत बसत नाही हे विसरून त्या मोकळ्या जागेत मांडी घातली आणि ओरडले, “आरे, इथं पत्रावळ आना कोनी! दोघांले वाढा.”

मामा जेवायचे थांबले. काही वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाले, “जावईबापू, हे लिहून ठेवा.” मग लगेच, “नको. आधी दोघांना विचारा.”

महारोगावरचा लेख पुढच्या वर्षी पुन्हा छापला गेला. या खेपेस त्यात काही बदललेलं नव्हतं, पुष्कळ गाळलेलं होतं. गाव नाही, पीक नाही, वाद्य नाही. ‘एक मध्यम वयाचा पुरुष’. खाली एक ओळ : ‘हा लेख रोग्यास त्याच्या बोलीत वाचून दाखवला असून त्याने सुचवलेली एक दुरुस्ती केली आहे.’ तेव्हापासून तोच नियम झाला. लेखाबरोबर रोग्याच्या अंगठ्याचा कागद नसेल तर तो लेख पहिल्या पायरीवरच राही. पुरवणीमुळे नऊ वर्गणीदार गेले. पण ज्यांनी तोवर एक ओळ लिहिली नव्हती असे डॉक्टर आपणहून लिहू लागले : माझे इतके रोगी बरे झाले, इतके झाले नाहीत, आणि इतक्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. हे तिसरं वाक्य पहिल्यांदा एका लेखात आलं त्या दिवशी मामांनी मला जळगावला तार केली. तारेत फक्त ते वाक्य होतं. घरात वाटलं कोणी गेलं.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्रैमासिक बंद पडलेलं नाही. ते अमळनेरहून, त्या नवऱ्या मुलाच्या मामांच्या दवाखान्यातून निघतं. त्यांच्याकडे जिना नाही, म्हणून त्यांनी भिंतीला सोळा फळ्या मारून घेतल्या आहेत.

हे लिहिण्याआधी मी आबांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, लिहा, पन टाचणीच्या वक्ताले मी ओरडलो ते नका लिहू. मग हसून म्हणाले, लिहा. त्यांच्या मुलीला विचारलं. तिला आता दोन मुलं आहेत, ती म्हणाली, माझं नाव तेवढं नको. साक्रीला गेलो; भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, गावाचं नाव नको म्हणाले आणि कागदावर अंगठा उठवून दिला. मामांना विचारायचं राहून गेलं. म्हणून त्यांचं नाव गाळलं आहे, गल्लीही गाळली आहे. बदललेलं काही नाही.

काल रात्रीची जेवणं झाल्यावर हे सगळं हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मामा असते तर त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिल लावली असती.”

“कुठे?”

“ते त्यांनाच माहीत.”

मी आज सकाळपासून त्या दोन जागा शोधतो आहे.